आत्ता किती बेटं?

परवा सकाळी मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि मृणालला विचारलं, "गॅसवर काही करपतंय का गं?"

"सुमात्रा," ती मान वर न करता म्हणाली.

आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, त्यामुळे विनोदही आता एका शब्दात आटोपतात. पण तिचं म्हणणं खरं होतं. तिकडे समुद्रापलीकडे जंगलं आणि दलदलीची वाळलेली माती पेटते, वारा फिरतो, आणि तो धूर सिंगापूरवर येऊन बसतो. इथे त्याला सगळे हेझ म्हणतात. रोज त्याचा आकडा जाहीर होतो, आणि आपण पूर्वी क्रिकेटचा स्कोअर विचारायचो तसा लोक लिफ्टमध्ये एकमेकांना तो विचारतात. कपाटाच्या तळातून मागच्या वेळचे मास्क निघतात. त्यांची इलॅस्टिकं गेलेली असतात.

मी आकडा विचारत नाही. मी हॉलच्या खिडकीशी जाऊन उभा राहतो.

आमचा फ्लॅट वेस्ट कोस्टला, बाविसाव्या मजल्यावर. घेताना एजंटने 'सी व्ह्यू' असं ठासून सांगितलं होतं. समुद्र आहे, नाही असं नाही. बंदराच्या क्रेनांच्या फटींतून, ताटात शेवटी उरलेल्या कढीएवढा तो दिसतो. पण हवा स्वच्छ असली की त्या कढीत बेटं दिसतात. आधी रिफायनरीचं बेट, टाक्या आणि धुराडी अंगावर घेऊन बसलेलं. त्याच्या कडेला, डोळे बारीक केले तरच, दोन हिरवे ठिपके. एक मोठा, एक लहान. दोघांना मिळून एकच नाव: पुलाउ हान्तु. मलय भाषेत पुलाउ म्हणजे बेट आणि हान्तु म्हणजे भूत.

धूर आला की पहिल्यांदा ते दोन ठिपके जातात. मग रिफायनरी, मग क्रेना, शेवटी समोरचा ब्लॉक. मग बाहेर काहीच उरत नाही, आणि एरवी कधी न दिसणारी खिडकीची काच दिसायला लागते. तिच्यावरची बोटं दिसतात, पावसाचे वाळलेले ओघळ दिसतात. मी मात्र एक डाग शोधत असतो. माझ्या हनुवटीच्या उंचीवर, तळहाताएवढा, खोबरेल तेलाचा. तो तिथे नाही. मृणालने सहा वर्षांपूर्वीच व्हिनेगरने पुसून काढला. तरी प्रत्येक हेझमध्ये मी बघतो.

तो डाग अण्णांच्या कपाळाचा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. अलिबागजवळच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला. मीही त्यांच्याच वर्गात होतो आणि त्यांच्याच विषयात मला बासष्ट पडले, यावरून आमच्या घरच्या न्यायदानाची कल्पना यावी. 'चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट असे म्हणतात' हे वाक्य ते असं सांगत, की मागच्या बाकावरच्या मुलालाही आपले पाय ओले झाल्यासारखे वाटावेत. पुढचं वाक्य द्वीपसमूहाचं. ते सांगताना मात्र आवाज जरा खाली यायचा. कारण द्वीपसमूह त्यांनी नकाशात सोडून कुठेही बघितला नव्हता. त्यांच्या हक्काचं बेट एकच, अलिबागच्या किनाऱ्यासमोरचा कुलाबा किल्ला. भरतीला तो समुद्रात आणि ओहोटीला जमिनीवर. दरवर्षी सातवीचा वर्ग घेऊन अण्णा ओहोटीच्या वाळूवरून चालत किल्ल्यात जायचे आणि पाणी भरायच्या आत सगळी मुलं मोजून परत आणायचे. अर्ध्या वाटेवर सगळ्यांना थांबवून म्हणायचे, "पोरांनो, सहा तासांपूर्वी इथे तुमच्या डोक्यावरून होडी गेली असती." आम्ही सगळे वर बघायचो. मी अजूनही वाळूत उभा राहिलो की एकदा वर बघतो.

२०१३च्या मे महिन्यात ते आमच्याकडे आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. पहिलाच विमानप्रवास, बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ, आणि स्वेटरात गुंडाळलेला शाळेतला जुना ॲटलास. मृणालने विचारलं, "अण्णा, स्वेटर कशाला? इथे बारा महिने उकडतं."

"मला माहीत आहे. विषुववृत्तापासून फार लांब नाही आपण. स्वेटर ॲटलासला आहे."

दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीशी खुर्ची टाकून बसले. दुर्बीण रेवाची. रेवा माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची, आणि तिने ती दुर्बीण पक्षी बघायला हट्टाने घेऊन दोनदाच वापरली होती. अण्णा काचेला कपाळ लावून बघायचे, मग मांडीवरच्या ॲटलासात बघायचे, मग परत कपाळ.

"मंदार, इकडे ये. ही चार बेटं कुठे गेली?"

मी फोनवरचा नकाशा काढला. "जोडली, अण्णा. मध्ये भराव टाकला. आता सगळं मिळून एकच मोठं बेट आहे. वर कारखाने आहेत."

"नावं?"

"नावं... काही रस्त्यांना वगैरे दिली असतील."

त्यांनी ॲटलासातल्या चारही ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे यांनी ओहोटी कायमची करून टाकली."

या द्वीपसमूहाचा भूगोल मला माझ्या सोसायटीच्या पार्किंगएवढाही माहीत नव्हता. मी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात क्लाउडचं काम करायचो. ते काय असतं हे अण्णांना समजावताना त्यांनी एकदाच विचारलं होतं, "पावसाचे की नुसतेच?" आणि मी खरं ते सांगितलं होतं: नुसतेच. आता अण्णा मला रोज संध्याकाळी एकेक बेट सांगू लागले. कुठलं खडकाचं, कुठलं पोवळ्यांचं. कुठे एके काळी बाहेरून आलेल्या माणसांना आजार पसरू नये म्हणून अडकवून ठेवायचे. एक तर चक्क राखेचं निघालं. आपण घरातल्या भिंतीतल्या नळीचं झाकण उघडून जो कचरा खाली सोडतो तो जाळून त्याची राख बार्जेने नेतात आणि समुद्रात बांध घालून तिथे टाकतात. त्यावर गवत उगवलंय, पक्षी येतात. "म्हणजे काल मी टाकलेली वांग्याची देठंसुद्धा भूगोलात गेली," मृणाल म्हणाली. अण्णांना हे फारच आवडलं.

पण जीव जडला तो त्या दोन ठिपक्यांवर. रेवाच्या प्रोजेक्टमुळे. जूनच्या सुट्टीत तिला दक्षिणेकडच्या बेटांचा तक्ता करायचा होता. मोठ्या कागदावर अण्णांनी पेन्सिलीने, कुठलाही आधार न घेता, सगळी बेटं काढून दिली. रेवाने इंटरनेटवर काहीतरी वाचलं आणि म्हणाली, "आजोबा, भुताची बेटं दोन आहेत, पण लो टाइडला मधली वाळू वर येते आणि यू कॅन वॉक."

अण्णांच्या हातातली पेन्सिल थांबली.

"चालत? एका बेटावरून दुसऱ्या बेटावर?"

"या लाह," ती इथल्या इंग्रजीत म्हणाली. "मग ते एकच होतं."

"म्हणजे किती बेटं हे घड्याळात बघून सांगायला हवं!"

तेव्हापासून तो खेळ सुरू झाला. अण्णा मध्येच, जेवताना, दात घासताना, ओरडून विचारायचे, "रेवा, आत्ता किती?" आणि रेवाने दुर्बिणीशिवाय सांगायचं, दोन की एक. दुर्बिणीतूनही वाळूबिळू दिसत नव्हतीच. सांगायचं ते हिशेबाने. तो हिशेब कोकणातला प्रत्येक कोळी जाणतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. ज्या मुलीला पाढे 'फोर थ्रीज आर ट्वेल्व' असे येत होते, तिला पाऊणकी शिकवायला अण्णांना चार दिवस लागले. पाचव्या दिवशी ती लिफ्टमध्ये एका शेजारणीला म्हणाली, "आँटी, टुडे इज दशमी." तक्त्यावर 'एकूण बेटे' या चौकटीत तिने अण्णांच्या सांगण्यावरून दोन आकडे लिहिले, भरतीला एवढी, ओहोटीला एवढी. सुट्टीनंतर बाईंनी तक्त्याला 'व्हेरी गुड' दिलं आणि त्या चौकटीपुढे लाल पेनाने विचारलं, 'विच वन?'

"मला एकदा तिथून चालायचंय," अण्णा एका संध्याकाळी म्हणाले. खिडकीकडे तोंड करून. अण्णांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. बासष्ट मार्क पडले तेव्हासुद्धा ते म्हणाले होते, "पास झालास ना." त्यामुळे हे मागणं आहे हे कळायलाही मला जरा वेळ लागला. "कुलाब्याला जाणं वेगळं. तिथे एका बाजूला आपलीच जमीन आहे. इथे दोन्ही बाजूंना बेट. मध्ये उभं राहिलं की चारही बाजूंनी समुद्र, आणि पाय कोरडे. ती व्याख्या मी किती वर्षं सांगत आलो."

"जाऊ की," मी म्हणालो.

त्यांनी लगेच कॅलेंडर काढलं. अमावस्या शनिवारी येत होती. उधाणाची भरती म्हणजे ओहोटीही मोठी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अधिक सहा, सव्वापाच. "संध्याकाळी सव्वापाचला वाळू उघडी!"

मृणालचा जीव वरखाली झाला. "अहो अण्णा, भुताच्या बेटावर अमावस्येला जायचं?"

"सूनबाई, समुद्राला चंद्र ओढतो. भुताला विचारून नाही ओढत."

"ते चंद्राचं झालं. अमावस्येला माणसाला कोण ओढतं ते कुणी सांगावं!"

आता पुढचं सांगतो. हे मी सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

गुरुवारी ऑफिसात, बोट ठरवायची म्हणून, मी इथल्या भरती-ओहोटीचं अधिकृत कोष्टक फोनवर उघडलं. शनिवारच्या रकान्यात दोन ओहोट्या होत्या. वेळा अण्णांच्या हिशेबाच्या आसपासच. पण दोन्हींची खोली सारखी नव्हती. पहाटेची ओहोटी पार तळाला गेलेली. संध्याकाळची अर्ध्यातच थांबलेली. मी खाली आणखी वाचलं. इथल्या समुद्रात वर्षाच्या या दिवसांत असंच होतं. दोन ओहोट्यांतली एकच वाळू दाखवते, आणि जूनमध्ये ती पहाटेची असते. कोकणची पाऊणकी वेळ सांगते. पाणी किती उतरेल ते सांगत नाही.

एवढं वाचलं, आणि फोन खिशात टाकला.

कारण पहाटेची ओहोटी गाठायची तर साडेतीनला उठावं लागलं असतं. आणि शुक्रवारी रात्री माझा अमेरिकेशी कॉल असायचा. आणि आठवड्यात शनिवारची एकच सकाळ मला झोपायला मिळायची. झालं, एवढंच कारण. मी मनाशी त्याला चांगले कपडे चढवले. अण्णांचं गणित आपण कशाला खोटं पाडायचं? कोष्टकंही चुकतात. थोडं पाणी असलं तर असलं, गुडघाभर पाण्यातून काय चालता येत नाही? सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अंधारात बोटीत बसवणं बरं नव्हे. शेवटचं कारण तर इतकं छान होतं की ते मी जवळजवळ खरंच मानलं.

शनिवारी दुपारी आम्ही धक्क्यावरून बोट घेतली. मृणाल आली नाही, घरी थांबून तिने देवापुढे जास्तीची उदबत्ती लावली. बोटवाला साठीचा मलय माणूस. इकडे अशा माणसाला पाकचिक म्हणतात, म्हणजे काकाच. अण्णांनी कोरी कॅनव्हासची बुटं घातली होती, पोवळी पायाला कापतात म्हणून. डोक्यावर रेवाची गुलाबी टोपी. मोठमोठ्या टँकरांच्या सावलीतून आमची बोट चालली होती आणि अण्णा प्रत्येक बेटाला नावाने ओळखून मान हलवत होते, जसे लग्नात लांबचे पाहुणे ओळखावेत.

"पाकचिक," रेवाने विचारलं, "व्हाय घोस्ट आयलंड?"

त्याने सुकाणू न सोडता सांगितलं. फार पूर्वी दोन योद्धे भर समुद्रात लढले. इतके लढले की समुद्र लाल झाला, आणि पाण्याखालच्या जिनाने दोघांना आत ओढलं. मग देवांना दया आली, त्यांनी दोघांची दोन बेटं केली. मोठा मोठा, लहान लहान. "नाऊ दे नो फाइट," तो म्हणाला. "ओन्ली समटाइम, दे टच."

रेवाने हे अण्णांना मराठीत सांगितलं. "कधी कधी ते एकमेकांना हात लावतात, आजोबा."

"कधी ते आम्हाला माहीत आहे," अण्णा म्हणाले. "सव्वापाच."

बेट लहान होतं. नारळ, जंगली बदाम, एक छपरी, एक नळ. आणि सतत येणारा एक घुमारा, पलीकडच्या रिफायनरीचा. तो आवाज इतका संथ आणि इतका न थांबणारा होता की थोड्या वेळाने तो बेटाच्याच पोटातून येतोय असं वाटायला लागलं. समोर, हाक मारली तर ओ येईल एवढ्यावर, दुसरं बेट. मध्ये तळ्यासारखं निळं पाणी.

अण्णांनी पाण्याच्या कडेशी एक काटकी रोवली. पाव तासाने पाणी मागे सरलं, तिथे दुसरी. रेवा वहीत वेळा टिपत होती. तिसरी, चौथी. प्रत्येक काटकीला अण्णा माझ्याकडे बघून हसायचे आणि मी हसायचो. पाचवी काटकी सव्वापाचला.

मग पाणी थांबलं.

मध्ये अजून माणसाच्या छातीएवढं निळं होतंच. तळाची वाळू दिसत होती, पिवळसर, जवळ, काचेखाली ठेवल्यासारखी. अण्णांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बुटांसकट पाण्यात शिरले. घोटा, गुडघा, मांडी.

"आजोबा, कॅनॉट लाह! स्टोनफिश असतात, विषारी!" रेवा ओरडली.

"थांब गं. अजून उतरेल. गणित चुकत नाही." मग मागे न बघता, "काय रे मंदार?"

"हो," मी म्हणालो. "उतरेल की."

कोरड्या वाळूत, कोरड्या पायांनी उभं राहून मी हे म्हणालो. ते तिथे मांडीभर पाण्यात उभे. गुलाबी टोपी. हात किंचित पुढे, जसा वर्गाला थांबवताना असायचा. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. रेवाच्या वहीत असेल. त्यांनी एकदा वर बघितलं, डोक्यावरून होडी जाते का ते बघावं तसं. मग पाचवी काटकी हळूच आडवी झाली आणि तरंगायला लागली.

आम्ही परत निघालो. अण्णांच्या बुटांतून पाणी येत होतं. शेवटी पाकचिकला राहवेना. "अंकल, मॉर्निंग," तो म्हणाला. "जून हं, मॉर्निंग वॉटर गो ऑल द वे. मॉर्निंग कॅन वॉक."

मी बोटीच्या दुसऱ्या बाजूला, टँकरकडे बघायला लागलो.

"अच्छा," अण्णा म्हणाले. "अच्छा, अच्छा." आणि थोड्या वेळाने, "पौर्णिमेला येऊ मग. पहाटे."

"नक्की," मी म्हणालो. तेव्हा मात्र मनापासून म्हणालो होतो. पौर्णिमेच्या आठवड्यात कॉल ठेवायचा नाही असं ऑफिसात सांगूनही ठेवलं.

पौर्णिमेच्या आधी धूर आला. त्या जूनसारखा धूर आम्ही त्याआधी बघितला नव्हता. आधी दोन ठिपके गेले, मग रिफायनरी, मग क्रेना. दुकानांत मास्क मिळेनात. आम्ही दारं-खिडक्या लावून, फटींना ओले टॉवेल कोंबून बसलो. अण्णा खोकत होते, तरी खुर्ची खिडकीशीच. काचेला कपाळ. "आत्ता किती?" असं विचारायचे, आणि रेवा तिथीवरून सांगायची. बाहेर मात्र एकही बेट नव्हतं, समुद्र नव्हता. मृणालने वटपौर्णिमेला वडाच्या चित्राला दोरा गुंडाळला आणि त्या पहाटे मी पाचला जागा झालो तेव्हा हॉलमध्ये अण्णा आधीच उभे होते. अंधारात, पाठमोरे. मी हाक मारली नाही. परत जाऊन झोपलो.

महिनाअखेरीला त्यांच्या इथे राहायच्या पासची मुदत संपली आणि ते गेले. विमानतळावर म्हणाले, "पुढच्या वर्षी डिसेंबरात येतो. तेव्हा संध्याकाळची ओहोटी खोल असते." हे त्यांना कुठून कळलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ती बुटं बाल्कनीत राहिली होती. खाऱ्या पाण्याने कडक होऊन फुटलेली, वास मारणारी. मृणालने काच पुसली त्याच दिवशी ती कचऱ्याच्या झाकणातून खाली सोडली. मला रात्री जेवताना सांगितलं. मी घास घेता घेता थांबलो. म्हणजे आता ती जळणार. राख होणार. बार्जेत चढणार, आणि हान्तुच्या शेजारून जाऊन त्या राखेच्या बेटात मिसळणार. अण्णांची बुटं तेवढी पोचली.

पुढच्या मार्चमध्ये अण्णा गेले. झोपेत, कुणाला न उठवता.

आणि आता माझी शेवटची लाज. मला त्यांची तिथी आठवत नाही. भटजींनी सांगितली होती, मी फोनमध्ये लिहून ठेवली, मग फोन बदलला. तारीख पाठ आहे. तारखेवरून तिथी काढायला अण्णांना अर्धं मिनिट लागलं असतं, मला साडेपाच वर्षं पुरली नाहीत. ज्यांची तिथी माहीत नाही अशांसाठी सर्वपित्री अमावस्या असते. बेवारशांच्या आणि विसरलेल्यांच्या त्या रांगेत मी दरवर्षी अण्णांना उभं करतो. ऑफिसला जायच्या आधी एक पान वाढतो.

यंदा सर्वपित्रीच्या आठवड्यातच धूर आला. अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी रेवा जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. आता सतरा वर्षांची, कॉलेजच्या परीक्षा तोंडावर. विषयांत भूगोल आहे. तो तिने घेतला तेव्हा मी विचारलं होतं, "स्कोप आहे का?" आणि तिने माझ्याकडे असं बघितलं होतं की मी विषय बदलला. मी खिडकीशी उभा होतो. काचेत मागचं टेबल दिसत होतं, दिवा, तिची वाकलेली मान. काचेतल्या माणसांना सांगणं सोपं जातं म्हणून असेल, मी तिच्याकडे पाठ करूनच सगळं सांगून टाकलं. कोष्टक, गुरुवार, पहाटेचा आकडा, झोप. सगळं.

ती पेनाचं टोपण चावत ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, तुला काय वाटतं, आजोबांना माहीत नव्हतं?"

मी वळलो.

"टाइड टेबल मीच प्रिंट करून दिलं होतं त्यांना. प्रोजेक्टमध्ये चिकटवायला. बुधवारी. त्यांनी भिंगातून सगळं बघितलं. मग मला विचारलं, तुझा बाबा शनिवारी किती वाजता उठतो?"

"मग?"

"मी म्हटलं, टेन. समटाइम्स इलेव्हन."

"मग?"

"मग काही नाही. सकाळच्या आकड्यावर पेन्सिलने रेघ मारली. म्हणाले, राहू दे. आठवडाभर दमतो तो. आपण संध्याकाळचीच धरू, थोडं तरी उतरेल. बाबाला सांगू नको म्हणाले."

"आणि तू सहा वर्षं..."

"प्रॉमिस केलं होतं, वॉट." ती परत पुस्तकात बघायला लागली. तिचं नाक लाल झालं होतं. "कागद आहे माझ्याकडे. रेघेसकट. हवा तर देते."

मी नको म्हणालो. मांडीभर पाण्यात उभं राहून, मागे न बघता, त्यांनी मला विचारलं होतं: काय रे मंदार? आणि मी 'हो' म्हणालो होतो. पाणी उतरणार नाही हे त्या किनाऱ्यावर दोघांना ठाऊक होतं, आणि दोघंही वाट बघत होतो. मी त्यांचं गणित सांभाळत होतो अशी माझी समजूत. ते माझी झोप सांभाळत होते.

त्या रात्री मी गजर लावला नाही. तरी जाग आली. हॉलमध्ये गेलो तर घर तसंच होतं, टॉवेलांच्या फटींतून करपलेला वास, फ्रिजचा घुमारा. संथ, न थांबणारा. बाहेर धूर, आणि धुरात कुठल्यातरी दिव्याचा पिवळा गोळा. मी अण्णांची जागा सोडून जरा बाजूला उभा राहिलो. का, ते विचारू नका.

मागे पावलं वाजली आणि मी मनातल्या मनात जे म्हणालो ते इथे लिहीत नाही. रेवा होती. अभ्यासाला उठलेली, केस बांधत.

"उठलास?" ती म्हणाली. "वॉव."

"उठलो."

"परीक्षा झाली की जाऊ आपण. जूनमध्ये. मॉर्निंगची. तू उठशील?"

"उठलोय की."

ती हसली, आणि काचेला कपाळ टेकवून बाहेर बघायला लागली. बघण्यासारखं काही नव्हतं. समोरचा ब्लॉकसुद्धा गेला होता.

"बाबा," ती म्हणाली, "आत्ता किती?"

फोन खिशात होता, तो मी काढला नाही. अमावस्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यातून सहा गेले, सव्वापाच. भिंतीवरच्या घड्याळात पाच वीस झाले होते.

"एक," मी म्हणालो.